कुंडीतली शिंदळ माकुडी

दर ४ नोव्हेंबरला जानकी अम्माल यांची जयंती येते आणि 'भारताचा ऊस गोड करणाऱ्या शास्त्रज्ञ' असा फोटोसकट मजकूर फोनवर फिरायला लागतो. यंदा तो आमच्या वनस्पतिशास्त्राच्या जुन्या बॅचच्या गटावर आला तेव्हा तिथे आधीच भांडण पेटलेलं होतं. कोकणातल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, येऊ घातलेल्या प्रकल्पाच्या जनसुनावणीत सल्लागारांनी म्हणे सांगितलं, की दुर्मिळ झाडाझुडपांची काळजी नको, बी जनुकपेढीत ठेवू, ऊतिसंवर्धनाने, म्हणजे रोपाच्या बारीक तुकड्यापासून काचेच्या बाटलीत, हवी तेवढी रोपं करून दुसरीकडे लावू. त्यावरून दोन तट पडले. एकांचं म्हणणं, विज्ञानाने सोय करून ठेवलीय, मग अडवता कशाला? दुसऱ्यांचं म्हणणं, काचेच्या बाटलीत रोपं वाढवणाऱ्यांना निसर्ग काय कळणार? तेवढ्यात जयंतीचा मजकूर आला आणि दोघांनीही तो उचलला. पहिल्यांना उसाचा संकर करणाऱ्या बाई सापडल्या, दुसऱ्यांना ऐंशीच्या उंबरठ्यावर केरळातल्या सायलेंट व्हॅली या जंगलखोऱ्यातल्या धरणाला विरोध करणाऱ्या. एकाच बाईंची सरळ वाटणी झाली.

मला दोन्ही वाटण्या नामंजूर आहेत. प्रयोगशाळा विरुद्ध जंगल असं भांडण लावलं, की खरा प्रश्न बाजूलाच राहतो. बी पेढीत गेलं म्हणजे वनस्पती वाचली, हे खोटं आहे. पण ते खोटं आहे हे आपल्याला झाडांना मिठ्या मारून कळलेलं नाही. ते गुणसूत्रं, म्हणजे पेशीतले आनुवंशिक गुण वाहणारे धागे, मोजणाऱ्यांनी दाखवलं. जानकी अम्माल यांची साठ वर्षांची कारकीर्द मला एकसंध वाटते ती त्यामुळेच. म्हातारपणी त्या जनुकशास्त्र सोडून पर्यावरणाकडे वळल्या नाहीत. जनुकशास्त्रच त्यांना त्या खोऱ्यात घेऊन गेलं.

आधी त्या गोडव्याचा हिशेब करू. वाळव्यापासून बारामतीपर्यंत उसाच्या बांधावर उभं राहून विचारलं, कुठला ऊस, तर उत्तर येतं 'शहाऐंशी शून्य बत्तीस'. पूर्ण नाव को ८६०३२. त्यातला 'को' म्हणजे कोइमतूर, हे सांगणाऱ्यालाही बऱ्याचदा ठाऊक नसतं. तिथलं ऊस पैदास केंद्र १९१२ सालचं. बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी तिथे जाड रसदार उसाचा संकर सॅकरम स्पॉन्टेनियम या रानगवताशी केला. उत्तरेत याला कांस म्हणतात, नदीकाठी पांढरे तुरे डोलतात तेच. त्यातून निघालेला को २०५ हा वाण १९१८ मध्ये पंजाबातल्या शेतांत गेला, तेव्हा एकवीस वर्षांच्या जानकी मद्रासला शिकत होत्या. त्या कोइमतूरला आल्या १९३४ मध्ये. तेव्हा 'ऊस गोड केला' हे श्रेय तारखेतच बसत नाही. दुसरं म्हणजे ते उलटंही आहे. साखर जाड उसात आधीपासून होती. उत्तरेतली थंडी, रोग, पाण्याची ओढ यांपुढे तो टिकत नव्हता. रानगवताने दिला तो काटकपणा, भरपूर फुटवे, खोडव्याची ताकद. आज आपण खातो त्या साखरेमागे एका बेचव रानगवताचं रक्त आहे. हे वाक्य फोटोखाली टाकायला आकर्षक नसेल, पण खरं आहे.

मग जानकी अम्माल यांनी काय केलं? मिशिगन विद्यापीठातून १९३१ मध्ये डॉक्टरेट घेऊन आलेल्या या बाईंनी उसाची आणि त्याच्या रानटी भावंडांची गुणसूत्रं मोजली आणि संकराची हद्द कुठवर ताणता येते ते तपासलं. उसाचा संकर त्यांनी ज्वारीशी केला, इतर रानगवतांशी केला, थेट मक्याशीही केला. ऊस-मका संकराची टिपणी १९३८ साली 'नेचर'मध्ये आली. शेतात लावण्याजोगा वाण त्यातून निघाला नाही. पण कोण कुणाचा किती जवळचा नातलग, हे त्यातून कळत गेलं. कांसाची रूपं जागोजागी निरनिराळी, त्यांची गुणसूत्रसंख्या निरनिराळी, आणि त्या प्रसारावरून या गवताचं मूळ घर भारत असावं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. 'जागोजागी निरनिराळी' हे शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

गुणसूत्रं मोजणं म्हणजे काय, हे बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. कांद्याची नुकती फुटलेली मुळं, सकाळच्या ठरावीक वेळेला ब्लेडने कापलेलं मिलिमीटरभर टोक, त्यावर लाल रंगाचा थेंब, स्पिरिटच्या दिव्यावरून फिरवलेली काचपट्टी, मग टिपकागदाच्या घडीत धरून अंगठ्याने दिलेला दाब. दाब कमी पडला तर पेशींचा ढीग, जास्त झाला तर कव्हरस्लिपचा चुरा. माझ्या पहिल्या सात पट्ट्या फुटल्या. आठव्या पट्टीवर एका पेशीत सोळा काळसर काड्या मोकळ्या पसरलेल्या दिसल्या तेव्हा ओरडावंसं वाटलं होतं. कांद्याची सोळा, हे पुस्तकात छापलेलंच होतं. जानकी अम्माल यांनी हे काम पुस्तकात न छापलेल्या झाडांवर केलं. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना त्या तिथल्या जॉन इन्स संस्थेत होत्या. गुणसूत्रतज्ज्ञ डार्लिंग्टनबरोबर त्यांनी केलेला लागवडीखालच्या वनस्पतींचा गुणसूत्रकोश १९४५ मध्ये निघाला. पुढे इंग्लंडमधल्याच विझ्लीच्या बागेत त्यांनी कोल्चिसिन या रसायनाने गुणसूत्रं दुप्पट करण्याचे प्रयोग केले, त्यातल्या एका मॅग्नोलियाला त्यांचं नाव आहे.

आता मुद्द्याकडे येतो. दिसायला सारखी दोन झाडं आतून सारखी असतीलच असं नाही, हे या मोजणीतून दिसलं. भारतात परतल्यावर हिमालयाच्या वनस्पतींकडे पाहताना त्यांना आढळलं, की कोरड्या वायव्येपेक्षा ओल्या ईशान्येत गुणसूत्रांच्या पटी वाढलेल्या, म्हणजे नेहमीच्या दोन संचांऐवजी जास्त संच असलेल्या, वनस्पती जास्त आहेत. त्यांची मांडणी अशी, की चीन आणि मलायाकडून आलेल्या वनस्पती तिथे इथल्या वनस्पतींना भेटतात, आपोआप संकर होतात, पटी वाढतात, नव्या जाती घडतात. याचा अर्थ नीट बघा. जात ही एकदा घडवून फळीवर ठेवलेली वस्तू नाही. ती एका जागी, तिथल्या पावसात, तिथल्या शेजाऱ्यांत अजून घडते आहे. मग जागा काढून घेतली आणि बी ठेवलं, तर आपण काय ठेवलं? चालू असलेल्या भट्टीतून एक मडकं उचललं आणि भट्टी मोडली.

त्यांच्या त्या काळातल्या पत्रव्यवहारात एक प्रसंग आहे. मॅग्नोलिया ग्रिफिथी या झाडाच्या शोधात त्या शिलाँगपासून ३७ मैल गेल्या. तेव्हाच्या आसामच्या त्या भागात ते एकच उरलं होतं. पोहोचल्या तेव्हा ते जाळून टाकलेलं होतं. ही गोष्ट सायलेंट व्हॅलीच्या पंचवीस-तीस वर्षं आधीची. तेव्हा 'म्हातारपणी पर्यावरणवादी झाल्या' म्हणणाऱ्यांनी हे ३७ मैल मोजावेत.

आता समोरच्या बाजूचं बळ मान्य केलं पाहिजे, कारण ते आहे. बागेत, पेढीत, बाटलीत वाढवून वनस्पती वाचवता येते, याची उदाहरणं खुद्द आपल्या सह्याद्रीत आहेत. हबार्डिया हेप्टान्यूरॉन नावाचं एक नाजूक गवत. १९१९ मध्ये ते गिरसप्प्याच्या धबधब्याजवळ, उडत्या तुषारांत भिजणाऱ्या कड्यावर सापडलं. पुढे शरावतीचं पाणी विजेकडे वळलं, धबधब्याचा जोर ओसरला आणि ते गवत तिथे दिसेनासं झालं. ते नामशेष झालं असं मानलं गेलं. या शतकाच्या सुरुवातीला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या प्रा. श्रीरंग यादव आणि सहकाऱ्यांना ते तिलारीच्या परिसरात, अशाच ओल्या कड्यावर पुन्हा सापडलं. त्यांनी त्याचं बी घेतलं, विद्यापीठाच्या बागेत रोपं वाढवली, ती पुन्हा रानात लावली. बाग नसती, रोपं वाढवायची कला नसती, तर हे झालं नसतं. प्रयोगशाळेला नावं ठेवणाऱ्या माझ्या मित्रांनी याचं उत्तर द्यावं.

पण याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग प्रकल्पवाल्या मित्रांनी ऐकावा. हबार्डिया परत आलं, कारण तिलारीचा एक ओला कडा शाबूत राहिला होता. गिरसप्प्याच्या गवतात काय वेगळेपण होतं, ते तिलारीच्या गवतासारखंच होतं की नव्हतं, हे आता कुणीही सांगू शकणार नाही. ते गेलं. परत आलं ते तिलारीचं. शिवाय रोपं लावायला जागा लागली ती तशीच, तुषारांची. ऊतिसंवर्धनाच्या बाटल्यांतून कडे आणि धबधबे निघत नाहीत.

शिंदळ माकुडी या कड्यांवरच्या वनस्पतीचं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. मुंबई इलाख्यातले वनाधिकारी डालझेल यांनी तिचं वर्णन केलं आणि गव्हर्नर बार्टल फ्रियरचं नाव तिला चिकटलं. (शिवनेरीच्या कड्यावरच्या झाडाला साहेबाचं नाव, ही आपली नेहमीचीच गंमत.) शिवनेरी, सज्जनगड आणि अशाच मोजक्या कड्यांवर, जिथे हात पोहोचत नाही अशा कपारीत ती लोंबते. जाड पानं, तांबूस मांसल फुलं, त्यांवर पिवळट ठिपके. जगातल्या अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या बारा नावांत एकेकाळी तिची गणना व्हायची. आणि तरीही ती माझ्या पुण्याच्या मित्राच्या गच्चीवर आहे. पत्र्याच्या शेडखाली, वाळू आणि विटांचा चुरा घातलेल्या कुंडीत, ओळीने अकरा. युरोप-अमेरिकेतल्या हौशी संग्राहकांकडेही ती आहे. फांदी तोडून लावली की जगते. मग ती दुर्मिळ कशी? वाचलीच की!

मित्राला विचारलं, या अकरा कुंड्या आल्या कुठून? म्हणाला, एका काकांनी एक फांदी दिली होती, तिच्यापासून सगळ्या. म्हणजे गच्चीवर अकरा कुंड्या आहेत, पण रोप एकच आहे. एकाच रोपाचे अकरा तुकडे. शिवनेरीच्या कड्यावर समजा तीसच रोपं असतील, तरी ती तीस निरनिराळी माणसं आहेत. बियांपासून आलेली, एखादं उन्हाळा जास्त सोसणारं, एखादं बुरशी न लागणारं. गच्चीवर हजार कुंड्या केल्या तरी तो एकाच माणसाचा हजार वेळा काढलेला फोटो. ऊतिसंवर्धन हेच करतं, फक्त वेगाने. जनसुनावणीत 'हवी तेवढी रोपं करू' म्हणणारा माणूस खोटं बोलत नाही, रोपं तो करेलच. पण आकडा रोपांचा सांगतो आणि गप्प राहतो वेगळेपणाबद्दल.

आणि सगळीकडे एकच रोप असलं की काय होतं, हे उसाच्या शेतकऱ्याला शिकवायला नको. ऊस आपण बेण्यावर लावतो, म्हणजे तोही तुकड्यांचाच धंदा. को ७४० एकेकाळी महाराष्ट्रभर होता, काणी रोगापुढे तो टिकेना, मग दुसरे वाण आले. दर वेळी पैदासकाराला पुन्हा त्या रानटी भावंडांकडे जावं लागतं. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या करप्याने जे घडवलं, त्यामागेही हेच होतं. गरिबाच्या वाफ्यात एकच वाण, तोही डोळ्यांच्या तुकड्यांनी वर्षानुवर्षं वाढवलेला. एका रोपाला मारणारा करपा सगळ्यांना मारू शकला. दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. भाडेपद्धती आणि लंडनची धोरणं यांचाही त्यात वाटा होता हे खरं, पण वाफा एकाच सुरात मरतो तो एकसारखेपणामुळे.

'ठीक आहे, तुकडे नकोत, बी ठेवू. भरपूर ठेवू.' हा पुढचा मुद्दा, आणि तो जास्त वजनदार आहे. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडच्या वेढ्यात रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वाव्हिलॉवच्या बियाणं संस्थेतली माणसं तांदूळ, वाटाणे, शेंगदाण्याच्या संग्रहाशेजारी उपाशी मेली, पण त्यांनी बियाण्याला हात लावला नाही. खुद्द वाव्हिलॉव १९४३ च्या जानेवारीत साराटोवच्या तुरुंगात मेला. जगभरची पिकं गोळा करणारा माणूस अन्नावाचून. ही कथा सांगताना कुणाचाही गळा दाटतो. पण ती बियाणं पेढीच्या बाजूने सांगितली जाते तेव्हा मला एक विचारावंसं वाटतं. ज्या संग्रहाच्या रक्षणासाठी माणसांना मरावं लागलं, तो सुरक्षित होता की किती असुरक्षित होता? सीरियात अलेप्पोजवळच्या बियाणं संग्रहावर युद्धाचं सावट आलं तेव्हा २०१५ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या, बर्फातल्या पेढीत जपलेलं बी परत काढावं लागलं. स्वालबार्ड होतं म्हणून बरं झालं, हेही खरं. पेढी हवीच. पण ती माणसाची इमारत आहे. तिला वीज लागते, अनुदान लागतं, बी मरायच्या आत ते पुन्हा पेरून ताजं करणारी माणसं लागतात, आणि ती माणसं निवृत्त झाली की जागा भराव्या लागतात. आपल्याकडे जागा कशा भरल्या जातात हे वेगळं सांगायला नको.

आणि प्रत्येक बी पेढीत राहतंच कुठे? गहू-ज्वारीचं बी वाळवून उणे तापमानात ठेवता येतं. आंबा, फणस, जांभूळ यांचं बी वाळलं की मेलं. आजीला हे ठाऊक होतं, म्हणून ती बाठा खाल्ल्या दिवशीच परड्यात पुरायची. रानटी जायफळाच्या कुळाचंही तसंच. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याला एका देवराईत मिरिस्टिका मॅग्निफिकाची दलदल आहे. गुडघाभर चिखलातून वाकलेली, वर निघून पुन्हा जमिनीत शिरलेली मुळं, वर काळोख करणारं छत. ही झाडं गोठवून ठेवायची सोय साधी नाही. त्यांची पेढी म्हणजे ती दलदल, आणि तिचा रखवालदार म्हणजे तो देव.

भाताच्या एका गोष्टीपुढे मात्र माझी बाजू आधी लंगडी पडते, म्हणून तीही सांगतो. सत्तरीच्या दशकात आशियातल्या भाताला तुडतुड्यांनी पसरवलेल्या खुरट्या रोगाने गाठलं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांवर नमुने तपासले. प्रतिकारशक्ती सापडली ती एकाच नमुन्यात, उत्तर प्रदेशात गोंड्याजवळ गोळा केलेल्या रानटी भातात, ओरायझा निवारात. तिच्यावरून आयआर ३६ सारखे वाण उभे राहिले. म्हणजे पेढीनेच वाचवलं! अगदी कबूल. पण त्या एका नमुन्यातल्याही मोजक्याच रोपांत तो गुण होता. गोळा करणाऱ्याचा हात त्या दिवशी डबक्याच्या दुसऱ्या कडेला गेला असता तर? पेढीत तेवढंच असतं जेवढं कुणाच्या तरी मुठीत आलं. उरलेलं डबक्यातच असतं, जोवर डबकं आहे.

विजेचा प्रश्न राहिला, आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. सायलेंट व्हॅलीत कुंती नदीवर धरण बांधू म्हणणारे काही राक्षस नव्हते. मलबारात वीज अपुरी होती, रोजगार नव्हता, १२० मेगावॉट म्हणजे तेव्हा लहान गोष्ट नव्हती. बुडणार होतं ८३० हेक्टर, जंगलाचा थोडासाच भाग, असं ते म्हणत. केरळातल्या पुरोगामी म्हणवणाऱ्या पक्षांतही प्रकल्पाचे कट्टर समर्थक होते. धरणाला विरोध करणाऱ्या केरळ शास्त्रसाहित्य परिषद या विज्ञानप्रसार संघटनेच्या कार्यकर्त्यांना स्वतःच्याच मित्रांची बोलणी खावी लागली. शहरात दिव्याखाली बसून त्या जंगलातल्या माकडांसाठी गळा काढणाऱ्यांवर खेड्यातला माणूस चिडला, तर त्याची चीड मला समजते. आज कोकणातला तरुण 'तुम्ही पुण्यात बसून आमचा सडा वाचवता' असं म्हणतो, तेव्हा तीच चीड असते आणि ती निम्मी तरी रास्त असते.

अशा वेळी ऐंशीच्या घरातल्या जानकी अम्माल यांनी काय करायचं ठरवलं? त्यांनी लिहिलं, की कुंती नदीचं पाणी आत घेऊन ज्या खोऱ्याचं तळं होणार आहे, तिथल्या वृक्षांच्या गुणसूत्रांचं सर्वेक्षण करायचं धाडस मी करणार आहे. माझा प्रकल्पवाला मित्र इथे मला पकडतो. म्हणतो, बघ, त्याही नोंदच करायला निघाल्या होत्या, बुडायच्या आधी यादी करून ठेवायची, आम्ही वेगळं काय म्हणतोय? आक्षेप चांगला आहे. पण क्रम बघा. सल्लागार आधी प्रकल्प ठरवतो आणि मग वाचवण्याजोगं काय ते पिशवीत भरतो. बाई आधी मोजायला निघाल्या. काय आहे हे माहीत नसताना काय बुडवायचं हे ठरवता येत नाही, एवढाच त्यांचा आग्रह. खोऱ्यातल्या जीवसृष्टीचे असे हिशेब अनेकांनी मांडले, पक्षितज्ज्ञ सालिम अलींपासून कित्येकांनी आवाज उठवला, शास्त्रज्ञ एम.जी.के. मेनन यांची समिती बसली, १९८३ मध्ये प्रकल्प सोडून दिला गेला. जानकी अम्माल ७ फेब्रुवारी १९८४ रोजी मद्रासजवळ मदुरवायलला, आपल्या प्रयोगक्षेत्राच्या आवारातच गेल्या. सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात.

दुसऱ्या बाजूच्या मित्रांशीही माझं जमत नाही, ते दोन कारणांनी. एक म्हणजे 'या रानात उद्या कॅन्सरचं औषध सापडेल' हा त्यांचा आवडता युक्तिवाद. तो टाळ्या घेतो आणि घात करतो. नरक्या या झाडाचं काय झालं? त्याच्यात कर्करोगावरच्या औषधासाठी लागणारं कॅम्प्टोथेसिन आहे हे कळलं आणि आंबोली-चंदगडच्या रानांत रात्रीत कुऱ्हाडी चालल्या, ट्रक भरले. उपयोग कळला म्हणून झाड वाचलं नाही, उपयोग कळला म्हणून तुटलं. शिवाय ते द्रव्य सगळ्या नरक्यांत सारखं नसतं, जागेगणिक आणि झाडागणिक कमीजास्त असतं, हेही पुढच्या अभ्यासांतून दिसलं. कुऱ्हाड घेऊन आलेल्याने मात्र सगळी एकाच भावाने तोडली.

दुसरं कारण म्हणजे माणूस नि गुरं हाकलली की निसर्ग आपोआप बहरतो ही भाबडी समजूत. कासच्या पठारावर गर्दीपासून फुलं वाचवायला जाळी ठोकली, त्याबरोबर गुरंही बंद झाली. गवत माजलं, फुलं दबली अशी ओरड झाली आणि शेवटी जाळी काढावी लागली. तिथली फुलं हजार वर्षं गुरांच्या तोंडाशी जुळवून घेत घडली असतील, तर गुरं ही त्या जागेचाच भाग नाहीत का? यालाही मोजणीच लागते. किती चरलं तर चालतं, किती नाही, कुठलं फूल कधी बी धरतं. भक्तीने हे कळत नाही.

आता पुन्हा त्या सड्यावर. सातबाऱ्यावर सड्याची नोंद बऱ्याचदा पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. उन्हाळ्यात उभं राहून पाहिलं तर महसूल खात्याचं खरंच वाटतं. काळा तापलेला जांभा, मधूनमधून करपलेलं गवत, एखादं करवंदाचं जाळं. त्याच जागी आषाढात दोन बोटं मातीत गेंद, सीतेची आसवं, दीपकाडी, तळ्यांतून वर येणारा वायतुरा, गवतात लपलेली कंदीलपुष्पं. यातलं बरंच काही दोन-तीन महिन्यांत उगवतं, फुलतं, बी टाकतं आणि दसऱ्यापर्यंत जमिनीखाली निघून जातं. यातल्या किती जातींची गुणसूत्रं कुणी मोजलीत, राजापूरच्या सड्यावरचं आणि मालवणच्या सड्यावरचं फूल आतून एकच आहे का, हे विचारायला लागलं तर उत्तरापेक्षा प्रश्नच जास्त निघतात.

आणि प्रकल्पाआधी जे पर्यावरणीय आघाताचं मूल्यांकन व्हावं लागतं, त्याच्या आधारभूत माहितीसाठी सर्वसाधारणपणे एकाच हंगामाच्या नोंदी पुरतात. तोही हंगाम पावसाळा सोडून. हवेतली धूळ मोजायला हा नियम शहाणपणाचा असेल, पावसात धूळ बसते. पण सड्यावरची झाडं? गटावर भांडणारे माझे दोन्ही मित्र तीन दिवस जनुकपेढी, विकास, धरतीमाता यांवर लिहीत होते. वनस्पतींची यादी कुठल्या महिन्यात केली, हे एकानेही विचारलं नाही. शेवटी मीच तो अहवाल मिळवला आणि परिशिष्ट उघडलं. बत्तीस नावं होती. करवंद, ऐन, काजू, अकेशिया, तीन गवतं, घाणेरी, रानमोडी. दुर्मिळ वनस्पतींच्या रकान्यात 'आढळली नाही'. मग जनसुनावणीत बी कशाचं ठेवणार होते, कोण जाणे. पानाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात क्षेत्रभेटीच्या तारखा दिलेल्या होत्या. ११ ते १४ मार्च.